पायवाट आपली, फोटो त्यांचा?

ताडोबाच्या कडेच्या गावांपुढे एक नवा प्रश्न

वरोरा : मार्च उजाडला की वरोऱ्याहून शेगाव, खडसंगीमार्गे चिमूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे दोन तऱ्हेची माणसे दिसतात. एक जिप्सीत बसलेली. गळ्यात कॅमेरा, मांडीवर हातभर लांब लेन्स, अंगात जंगलाच्या रंगाचे कपडे. दुसरी पायी चाललेली. डोक्यावर टोपली, कमरेला खोचलेला पदर, हातात पाण्याची डबकी. पहिली वाघ पाहायला निघालेली असतात, दुसरी मोह वेचायला. जंगल एकच, वेळही एकच. फरक एवढाच की पहिल्याजवळ परवाना असतो, सोबत गाईड असतो, बसायला गाडी असते. दुसरीजवळ यातले काहीच नसते.

पारावर बोलणे निघाले की त्यातला सगळा गुंता एका वाक्यात येतो : "फोटोवाल्याले वाघ पाहिजे, आमाले वाघ नको; जंगल मात्र दोघाइले पाहिजे जी."

आता यात एक नवी गोष्ट आली आहे. गाडीतून वाघ पाहून कंटाळलेला पाहुणा गावात येऊन विचारतो, "भाऊ, तासभर पायी फिरवता का? पाखरांचे, झाडांचे फोटो घ्यायचे आहेत." चार पैसे मिळतात म्हणून गावचा पोरगा तयार होतो. काय करावे? हो म्हणावे की नाही? सरपंचाने, ग्रामसेवकाने, पोलीस पाटलाने यात पडावे की दुर्लक्ष करावे? या प्रश्नाचा सरळ विचार करण्यासाठी हा लेख. आमचे मत आधीच सांगून टाकतो. पायी फिरवायला हरकत नाही. पण कुठे, केव्हा आणि कोणाच्या शब्दावर, हे गावाने ठरवले पाहिजे. आणि पोटासाठी जंगलात जाणाऱ्या माणसाच्या जिवाचा बंदोबस्त आधी, कॅमेऱ्याची हौस नंतर.

ताडोबा किती मोठा?

आपल्या शेजारी काय आहे ते आपल्यालाच पुष्कळदा नीट माहीत नसते. ताडोबा हे महाराष्ट्रातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. ते १९५५ साली झाले, तेव्हा त्याचे क्षेत्र सुमारे ११६ चौरस किलोमीटर होते. १९८६ साली त्याला लागून अंधारी अभयारण्य झाले, तेही पाचशे चौरस किलोमीटरच्या वर. दोन्ही मिळून १९९५ साली ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला. मेळघाटात व्याघ्र प्रकल्प १९७३ सालीच आला होता. राज्यातला दुसरा आपला. पुढे २०१० साली या गाभ्याभोवती सुमारे अकराशे चौरस किलोमीटरचे बफर क्षेत्र जाहीर झाले. या बफरमध्ये जंगलासोबत आपली गावे, आपल्या बांध्या, आपल्या बोड्या आणि आपली गुरे आहेत. म्हणजे शेतकऱ्याचा प्रश्न खरा इथे सुरू होतो.

गाभ्यातली बोटेझरी, नवेगाव, जामणी यांसारखी गावे २००७ नंतरच्या वर्षांत उठून बाहेर वसली. ती गावे गेली, तिथे गवत वाढले, चितळ-सांबर वाढले आणि त्यामागे वाघही वाढला. राज्यातल्या वाघांचा अंदाज २०१८ साली ३१२ होता, तो २०२२ साली ४४४ वर गेला. त्यातले मोठे माप चंद्रपूर जिल्ह्याचे. पण वाघाला गाभा कुठे संपतो नि बफर कुठे लागतो हे ठाऊक नसते. तरणा झालेला वाघ नवी जागा शोधत बाहेर पडतो आणि ती जागा कधी कधी आपल्या पऱ्हाटीत, तुरीत किंवा नाल्याच्या काठच्या झुडपात निघते.

कायदा काय म्हणतो?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यातल्या २७ व्या कलमाने अभयारण्यात कोणालाही मनाला येईल तसे शिरता येत नाही. २८ व्या कलमात परवाना कशासाठी देता येतो ते सांगितले आहे : अभ्यास, संशोधन, पर्यटन, तिथे राहणाऱ्याशी असलेले कायदेशीर काम, आणि छायाचित्रण. म्हणजे फोटो काढणे हे कायद्याने मान्य केलेले कारण आहे. २०२२ च्या दुरुस्तीत त्याला चित्रीकरण जोडले गेले आणि एक अटही घातली गेली. जनावरांच्या राहण्याच्या जागेत बदल होता कामा नये, त्यांना अपाय होता कामा नये.

व्याघ्र प्रकल्पात पर्यटकाला गाडीतून उतरता येत नाही. दर मंगळवारी प्रकल्प पर्यटनाला बंद असतो. पावसाळ्यात १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत गाभ्याचे फाटक बंद राहते. बफरमधली पायवाट, मचाण, तलावाचा काठ या सगळ्याला वनखात्याचे नियम लागू आहेत. तेव्हा गावच्या एखाद्या पोराने कोणाला न सांगता पाहुण्याला जंगलात नेले, तर तो नुसता धोका नाही, गुन्हाही ठरू शकतो. दंड पाहुण्याला होतो, पण जंगलवाट दाखवणाऱ्या पोराचे नाव कायमचे खराब होते. पुढे गाईडची भरती निघाली तर तो बाहेर राहतो. हे घरच्यांनी त्याला समजावून सांगावे.

पायी का नको?

गाडीत बसलेल्या माणसाला वाघ सहसा माणूस म्हणून पाहत नाही. गाडी, तिचा आवाज, तिचा वास ही त्याच्या रोजच्या ओळखीची एक वस्तू झालेली असते. तोच माणूस खाली उतरला की गोष्ट बदलते. वाकून बसला तर आणखी बदलते. वाकलेल्या माणसाची उंची चितळाएवढी होते. मोह वेचणारी, तेंदूपाने तोडणारी, सरपण गोळा करणारी बाई तासन्‌तास वाकलेलीच असते. हल्ले याच कामात जास्त का होतात, त्याचे हे एक कारण.

२० नोव्हेंबर २०२१ रोजी कोलारा वनपरिक्षेत्रात एक महिला वनरक्षक वाघांच्या खुणांची पाहणी करीत पायी चालली होती. सोबत मजूर होते. वाटेत वाघीण होती. त्या वनरक्षकाचा जीव गेला. हे लक्षात ठेवावे की ती बाई जंगलाची जाणकार होती, कामावर होती आणि एकटी नव्हती. तरी घडले. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात मेंढामाळच्या जंगलात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका वाघिणीच्या हल्ल्यात एकाच दिवशी दगावल्या. त्या दिवशी त्या गावात चूल पेटली नसेल, हे सांगायला नको.

ताडोबा हे नाव आले कुठून, तेही सांगतो. तलावाच्या काठी तारूदेवाचे ठाणे आहे. आदिवासींत सांगतात की तारू हा गावचा प्रमुख होता आणि वाघाशी झुंजताना तो पडला. त्याचा देव झाला, पौषात त्याची जत्रा भरू लागली. ज्याच्या नावाने हे जंगल जगभर ओळखले जाते, तो वाघाच्या वाटेवर मेलेला एक गावकरीच होता. पाहुण्यांना वाघाचे नाव, त्याच्या आईचे नाव पाठ असते. तारूची गोष्ट मात्र गावच्या माणसानेच सांगितली पाहिजे.

मग फिरायचे कुठे?

पायी फिरायला गाभा लागत नाही, वाघही लागत नाही. आपल्या तालुक्यात पाहण्यासारखे पुष्कळ आहे, फक्त रोज दिसते म्हणून आपल्याला त्याची किंमत नाही.

तलाव घ्या. चंद्रपूर जिल्हा हा तलाव-बोड्यांचा जिल्हा. हिवाळ्यात विदर्भातल्या तलावांवर दूर देशाची पाखरे उतरतात. पट्टकदंब हंस मध्य आशिया आणि तिबेटच्या पठारावरून हिमालय ओलांडून येतो. चक्रवाक येतो, तलवार बदक येते. इरई धरणाचा फुगवटा, जुनोन्याचा तलाव, इकडे चारगावचे धरण, अशा ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत सकाळी आठ वाजता पाळीवर उभे राहावे. पाळीवरून दूरवर दिसते, मागेपुढे झुडूप नसते, पाय घसरण्याची भीती नसते. फोटोसाठी याहून चांगली जागा नाही आणि धोकाही इथेच सर्वांत कमी.

शेताचा धुरा घ्या. नीळकंठ, कोतवाल, वेडा राघू, खंड्या, टिटवी, हुप्प्या ही सगळी धुऱ्यावरची मंडळी. कोतवाल नांगरामागे उडणारे किडे टिपतो, वेडा राघू तारेवर बसून माशा धरतो. शहरातल्या माणसाला हे पाहून आनंद होतो. आपल्या पोरांना शाळेत हे कोणी सांगत नाही. फेब्रुवारीच्या शेवटाला पळस फुलतो, तेव्हा त्याच्या एका झाडावर सकाळी तासाभरात दहा जातीची पाखरे मध प्यायला येतात. मृग लागला की नवरंग जंगलात येतो आणि पहाटे शीळ घालतो.

आणि माळ घ्या. वरोरा-भद्रावतीच्या शेतशिवारात माळढोकाच्या नोंदी झालेल्या आहेत. सोलापूरच्या नान्नजचे नाव सर्वांना माहीत. आपल्याकडच्या काळ्या जमिनीतही हा पक्षी होता, ही गोष्ट शेजारच्या गावालाही ठाऊक नसते. देशभरात तो आता दोनशेच्या आत उरला आहे. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. उडताना त्याला समोरची वीजतार नीट दिसत नाही. असा पक्षी कोणाच्या शेतात दिसलाच, तर फोटोवाल्यांची गर्दी बोलावू नका. आधी वनरक्षकाला कळवा. ज्या शेतात तो उतरतो, ते शेत त्याने विश्वासाने निवडलेले असते.

रामदेगीचा डोंगर हेही आपल्या बाजूचे ठिकाण. मंदिर आहे, डोंगर आहे, भाविक वर्षानुवर्षे पायी जातात. पण भाविकांची वाट म्हणजे वाघ नसलेली वाट, असे समजू नये. निमढेला-रामदेगीच्या पट्ट्यात वाघांचा वावर बारमाही आहे. तिथे जाणाऱ्याने खात्याने दिलेली वेळ आणि वाट पाळलीच पाहिजे, मग हातात आरतीचे ताट असो की कॅमेरा.

फोटो काढण्याची रीत

जो गावचा पोरगा पाहुण्याला फिरवणार आहे, त्याला फोटोची चार अक्षरे यावी लागतात. ती अवघड नाहीत.

सकाळचा पहिला तास-दीड तास आणि संध्याकाळचा शेवटचा तास, उजेड या वेळी मऊ असतो. दुपारच्या उन्हात पाखराच्या डोळ्याखाली काळी सावली पडते आणि फोटो मेल्यासारखा दिसतो. सूर्य पाठीशी ठेवावा. पाखराच्या उंचीवर यावे, म्हणजे तलावाच्या काठी खाली बसून काढावे, वरून काढू नये. फोटो डोळ्यावर धरावा. डोळा स्पष्ट आला की बाकी चालते. उडत्या पाखरासाठी शटर फार वेगाने उघडझाप झाले पाहिजे, सेकंदाचा हजारावा भाग. बसलेल्या पाखराला एवढी घाई नाही, तिथे हात स्थिर पाहिजे. महागडा कॅमेरा नसला तरी साध्या मोबाइलवर झाडाची साल, कोळ्याचे जाळे, फुलपाखरू, दवात भिजलेले धान फार चांगले येते.

काही गोष्टी मात्र करूच नयेत. घरट्याजवळ जाऊ नये; पाखरू उठले की अंडी उन्हात भाजतात किंवा कावळा नेतो. फांद्या तोडून घरटे मोकळे करू नये. मोबाइलवर पाखराचा आवाज लावून त्याला बोलावू नये, ते बिचारे प्रतिस्पर्धी आला समजून खाणेपिणे सोडते. फ्लॅश मारू नये. जनावर आपल्याकडे पाहून थांबले, कान ताठ केले, की आपण जास्त जवळ आलो असे समजावे आणि मागे सरकावे. ड्रोन तर परवानगीशिवाय उडवूच नये.

विडी-काडी पूर्ण बंद. मार्च ते जून या दिवसांत एक काडी पुरे होते. मोहाखालचा पाला जाळणारे आपणही यात येतो. पाला झाडून बाजूला करावा किंवा खाली जुनी साडी, जाळी अंथरावी. फूलही स्वच्छ मिळते, भावही बरा येतो आणि जंगल वाचते.

वाघाच्या तोंडात बाटली

२०२४ च्या फेब्रुवारीत ताडोबाच्या निमढेला बफरमधले एक चित्रीकरण देशभर फिरले. एका छायाचित्रकाराने टिपलेले. पाणवठ्यावर एक वाघ येतो, पाण्यात पडलेली प्लास्टिकची बाटली तोंडात धरतो आणि ती घेऊन निघून जातो. लोकांनी "काय हुशार वाघ" म्हणून कौतुक केले. पण आपण शेतकऱ्यांनी त्यात दुसरे पाहिले पाहिजे. ती बाटली वाघाने आणली नव्हती. जंगलात जाणाऱ्या कोणा माणसाने टाकली होती. पाहुण्याने टाकली असेल, भाविकाने टाकली असेल, मजुराने टाकली असेल किंवा आपल्यापैकीच कोणी. एका फोटोने जे काम केले ते शंभर फलकांनी झाले नसते. निसर्गाचा फोटो नुसता भिंतीवर लावायचा नसतो, तो साक्षीदारही असतो, हे यातून कळावे.

उलट बाजूचेही उदाहरण आहे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात एक वाघीण आपले पाच बच्चे घेऊन रस्ता ओलांडत होती. पर्यटकांच्या गाड्यांनी तिला दोन्हीकडून अडवले. प्रत्येकाला जवळून फोटो पाहिजे होता. त्याचे चित्रीकरण बाहेर आले, जिप्सीचालक आणि गाईड यांच्यावर कारवाई झाली आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. फोटो पाहुण्यांचे झाले. रोजी मात्र गावच्या चालकांची आणि गाईडांची गेली. "साहेब म्हणाले म्हणून गाडी पुढे घेतली" हे उत्तर तिथे चालले नाही. गाईडने नाही म्हणायला शिकले पाहिजे आणि नाही म्हणणाऱ्या गाईडच्या पाठीशी समितीने उभे राहिले पाहिजे.

दुसरीकडे कसे केले?

पायी फिरवण्याचा धंदा जगात नवा नाही. आफ्रिकेतल्या आजच्या झांबिया देशात लुआंग्वा नदीच्या खोऱ्यात १९५० साली नॉर्मन कार नावाच्या अधिकाऱ्याने तिथल्या न्सेफू या टोळीप्रमुखाला पटवले की शिकाऱ्यांऐवजी पाहणारे पाहुणे आणू. प्रमुखाने आपल्या जमिनीचा भाग त्यासाठी राखला आणि पाहुण्यांकडून आलेला पैसा टोळीला मिळू लागला. पुढे त्याच खोऱ्यात पायी सफरी सुरू झाल्या. हत्ती, सिंह असलेल्या त्या जंगलात पाहुण्यांपुढे बंदूकधारी रखवालदार चालतो आणि त्याने थांबा म्हटले की सगळे थांबतात.

आपल्या देशात केरळच्या पेरियार व्याघ्र प्रकल्पात १९९० च्या दशकाच्या अखेरीस आणखी वेगळी गोष्ट झाली. जंगलातून चोरून साल काढून विकणाऱ्या माणसांनाच खात्याने बोलावले, त्यांच्यावरचे खटले आणि त्यांचे पोट यांचा विचार केला आणि त्यांचीच समिती करून पाहुण्यांना पायी फिरवण्याचे काम त्यांना दिले. सोबत सशस्त्र वनरक्षक. ज्या डोळ्यांना चोरवाटा माहीत होत्या तेच डोळे रखवालीला लागले.

याचा अर्थ असा नव्हे की पेरियारमध्ये झाले ते ताडोब्यात जसेच्या तसे करावे. आपले जंगल सागाचे, बांबूचे. उन्हाळ्यात पाणवठे थोडे आणि सगळी जनावरे त्याच थोड्या पाण्यावर. वाघ दाट. तेव्हा आपली पायवाट गाभ्यापासून दूर, तलावाच्या पाळीवर, माळावर, गावाच्या शिवारात असावी. शिकायचे ते एवढेच : पायवाटेचा मालक कोण हे आधी ठरले, पैसा कोणाकडे जाणार हे ठरले, पुढे कोण चालणार हे ठरले. मग पाहुणा आला.

गावाने काय करावे?

बफरमधल्या बहुतेक गावांत ग्राम परिस्थितिकी विकास समिती आहे. २०१५ सालापासून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे. तिच्यातून गॅस, कुंपण अशी कामे होतात. कागद आहे, समिती आहे. तेव्हा एक सभा घेऊन पुढील गोष्टी ठरवायला काय हरकत आहे?

एक, वाट. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला सोबत घेऊन वाट पायी पाहावी. उघडी, दोन्हीकडे दूरवर दिसणारी, नाल्यातून किंवा बांबूच्या बनातून न जाणारी वाट निवडावी. वाघाची पावले दिसली त्या आठवड्यात ती बंद. यात खाडाखोड नाही.

दोन, वेळ. सूर्य वर आल्यावर निघायचे, संध्याकाळी सूर्य कलण्याआधी गावात यायचे. "पहाटे उजेड चांगला असतो" हे पाहुण्याचे म्हणणे खरे असले, तरी पहाटेचा उजेड तलावाच्या पाळीवरून घ्यावा, झाडीतून नव्हे.

तीन, माणसे. एका खेपेला पाच-सहा पाहुणे, त्यांच्या पुढे एक आणि मागे एक गावचा माणूस. गावात प्राथमिक प्रतिसाद दल असेल तर त्यातली पोरे या कामाला उत्तम. वाघ आल्यावर गर्दी कशी आवरायची हे त्यांना शिकवलेले असते.

चार, पैसा. शुल्क समितीत जमा व्हावे, पावती द्यावी, हिशेब ग्रामसभेत वाचावा. त्यातला एक भाग मोह-तेंदूला जाणाऱ्यांच्या रक्षणासाठी वेगळा काढावा : शिट्ट्या, टॉर्च, आणि हंगामात त्यांच्यासोबत उभा राहून पाहारा करणाऱ्याची रोजी. पाहुण्याला दोन माणसे सोबत आणि मोह वेचणाऱ्या म्हातारीला एकही नाही, हा न्याय नाही.

पाच, बायका. होम-स्टे, जेवण, गाईड या कामात बायकांना जागा द्यावी. जंगल त्यांनाच जास्त माहीत आहे.

सरपण-मोहाला जाणाऱ्यांनीही काही पथ्ये पाळावी. एकटे जाऊ नये. अंधारात निघू नये. बोलत, आवाज करीत जावे. सगळ्यांनी वाकू नये, आळीपाळीने एकाने उभे राहून पाहावे. वाघ दिसला तर पळू नये. त्याच्याकडे तोंड ठेवून, हळूहळू मागे यावे. बच्चे दिसले तर फोटो काढायला एक क्षणही थांबू नये, आई जवळच असते. अस्वलाच्या बाबतीत आवाज फार उपयोगी. त्याला दिसते कमी, ते दचकून अंगावर येते.

शेतकऱ्याचा कॅमेरा

शेवटी एक कामाची गोष्ट. कॅमेरा हौसेचा असतो, तसा हक्काचाही असतो. रानडुकराने धान लोळवले, रोह्याने तूर खाल्ली, वाघाने गोऱ्हा मारला, की पंचनाम्याच्या वेळी अडचण येते. पाऊस पडून जातो, पावले मिटतात. आता घरोघरी मोबाइल आहे. सकाळी शेतात गेल्याबरोबर नुकसानीचा फोटो काढावा : एक दुरून, ज्यात शेजारचे झाड किंवा विहीर दिसेल, एक जवळून, पिकाचा, आणि एक पावलाचा. पावलाशेजारी काडीपेटी किंवा एक रुपयाचे नाणे ठेवावे, म्हणजे आकार कळतो. जनावर मारले असेल तर पंचनामा होईपर्यंत ते जागेवरून हलवू नये आणि त्यावर विष टाकण्याचा विचारही मनात आणू नये. तो गुन्हा आहे आणि त्यात आपलेच कुत्रे, आपलीच गिधाडे मरतात. वनरक्षकाला त्याच दिवशी कळवावे, अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस गेल्यास राज्य शासनाची मदत २०२३ पासून २५ लाख रुपये आहे. तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांनी अशा घरी कागदासाठी हेलपाटे घालायला लावू नयेत, स्वतः जावे.

कॅमेरा गावाच्या रखवालीलाही लागला आहे. मोहर्लीजवळच्या सीतारामपेठ गावात २०२३ साली जंगलाच्या कडेला असे कॅमेरे बसवले गेले की वाघ गावाकडे येताना दिसला तर संगणक तो ओळखतो आणि इशारा जातो. याआधी ताडोब्यातला कॅमेरा वाघ मोजत होता, वाघ दाखवत होता. इथे तो पहिल्यांदा माणसासाठी उभा राहिला. असा कॅमेरा आपल्या गावाला पाहिजे असेल, तर ग्रामसभेचा ठराव करून मागावा. मागितल्याशिवाय काही येत नाही.

उद्या पहाटे पुन्हा त्याच रस्त्यावर जिप्सी धावेल आणि टोपलीही निघेल. जिप्सी थांबवण्याचे कारण नाही. तिच्यामुळे गावात चार पोरांना काम आहे. पण ज्या दिवशी टोपली घेऊन निघालेल्या बाईच्या पुढे-मागे गावचे माणूस असेल आणि त्याची रोजी जिप्सीच्या शुल्कातून निघेल, त्या दिवशी या जंगलाचा हिशेब बरोबर जुळला असे म्हणता येईल. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा, एवढीच विनंती.